लेव्हाइट्सची सगळ्यात चांगली रेकॉर्ड

व्हिनेटला जाऊन वर्ष होत आलं आणि तिचं थडगं बांधायची वेळ आली. बार्टन गॅप या गावात माणसाला घरामागच्या जागेत पुरतात, वर मातीचा ढीग ठेवतात आणि वर्षभर त्याला हात लावत नाहीत. माती बसायला तेवढा वेळ लागतो. मागे राहिलेलं माणूस बसायला किती वेळ लागतो ते कुणी विचारत नाही, कारण गवंड्याचा संबंध मातीशी. वर्ष झालं की एखाद्या शनिवारी सगळं गाव जमतं, पुरुष सिमेंट कालवतात, बोकड शिजतं, पांढऱ्या रमचे शिंतोडे मातीवर पडतात, आणि दिवस मावळायच्या आत गेलेल्या माणसाला पक्कं छप्पर मिळतं.

ऑब्री पार्चमेंटांनी सगळी तयारी चोख केली होती. ते निवृत्त पोस्टमास्तर होते आणि तयारी हा त्यांचा स्वभाव होता. गवंडी रूपर्ट ठरला होता, वाळू येऊन पडली होती, बोकड मागच्या पेरूला बांधलेलं होतं आणि त्याला काही कळू नये म्हणून पार्चमेंट त्याच्यासमोर या विषयावर बोलत नसत. राहिली होती फक्त गाण्याची रेकॉर्ड.

रेकॉर्डचं व्हिनेटनेच सांगून ठेवलं होतं. आजारपणात एका दुपारी ती म्हणाली, "थडगं बांधशील तेव्हा प्रार्थना एकच. मग लेव्हाइट्सची सगळ्यात चांगली रेकॉर्ड लाव. पहिल्यापासून शेवटपर्यंत, दोन्ही बाजू. मध्ये थांबवायची नाही. कुणी भाषणाला उठलं तर त्याला मटण वाढू नकोस."

पार्चमेंट तेव्हा औषधाचा चमचा धुवत होते. ते "बरं" म्हणाले. सबंध नोकरीत त्यांनी अर्धवट पत्त्याचं एक पाकीट पुढे जाऊ दिलं नव्हतं. शेजारच्याच घरचं पाकीट असलं तरी ते परत जाई. आणि हा एवढा मोठा निरोप त्यांनी पत्ता न विचारता घेतला. सगळ्यात चांगली म्हणजे कुठली, हे विचारायचं राहिलं.

रॉकस्प्रिंग लेव्हाइट्स हा गाणाऱ्यांचा ताफा पार्चमेंटांच्या लग्नापेक्षा जुना. मूळचे चौघे. त्यातले दोघे वारले, एक धर्मोपदेशक झाला आणि उपदेशाला कुणी येईना म्हणून परत आला, आणि चौथा कुठल्याच फोटोत डोळे उघडे ठेवून सापडत नाही. आता एक पुतण्या तो ताफा चालवतो आणि दुसरा पुतण्या त्याच नावाचा दुसरा ताफा चालवतो. रेकॉर्डी मात्र निघतच राहिल्या. किती निघाल्या यावर गावात एकमत नव्हतं, पण व्हिनेटकडे सगळ्या होत्या यावर होतं.

पार्चमेंटांना वाटलं, गावात जाणकार पुष्कळ आहेत, विचारावं. ते मिस आयोनीच्या दुकानात गेले. दुकानाच्या एका अंगाला खारवलेले मासे आणि पीठ, दुसऱ्या अंगाला रम आणि डॉमिनोचं टेबल. टेबलावर सोंगट्या आपटणं चालू होतं. पार्चमेंटांनी टोपी काढली आणि अदबीने विचारलं की लेव्हाइट्सची सगळ्यात चांगली रेकॉर्ड कोणती म्हणता येईल.

सोंगट्या थांबल्या. त्या दुकानात सोंगट्या याआधी फक्त वादळाच्या इशाऱ्याला थांबल्या होत्या.

मास लेस्टर (वडीलधाऱ्या पुरुषाला तिथे मानाने 'मास' म्हणतात) म्हणाला, यात विचारायचं काय, पहिलीच, 'धुराची वाट'. हातांचे ढोल, चार गळे, बाकी काही नाही. त्याचा जोडीदार मास वॉल्डो म्हणाला, 'धुराची वाट' ही रेकॉर्ड नसून सराव आहे. खरी रेकॉर्ड 'कर्णे आणि भिंती', जिच्यात पहिल्यांदा कर्णे वाजले. हे दोघे तरुणपणापासून एकाच बाजूने डॉमिनो खेळत आलेले. एकाने हात चोळला की दुसऱ्याला सोंगटी कळे. त्या दिवशी त्यांना कळलं की जोडीदार आतून असा होता. लेस्टर उठून विरुद्ध जोडीतल्या एकाच्या खुर्चीवर जाऊन बसला, आणि जोड्या बदलल्यामुळे डाव असा काही बिघडला की मिस आयोनीने पार्चमेंटांना बाजूला घेऊन सांगितलं, "मास ऑब्री, तुमच्या दुःखात मी तुमच्या बरोबर आहे. पण यापुढे काही विचारायचं असेल तर घरी येऊन विचारा."

तोवर उशीर झाला होता. प्रश्न रस्त्याने पुढे गेला होता. टॅक्सीवाला बेरेस्फर्ड प्रवाशांना मतं विचारू लागला, आणि ज्यांचं मत पटलं नाही त्यांना वळणावर उतरवू लागला असंही ऐकू आलं. चर्चचे डीकन फिअरन सहानुभूतीला म्हणून आले, लिंबूपाणी प्याले आणि उठता उठता म्हणाले की लेव्हाइट्समधला तो उपदेशक जेव्हा परत आला तेव्हा 'धुतलेले हात' म्हणून एक रेकॉर्ड निघाली होती. तिच्यावर कुणाला नाचता येत नाही, हा तिचा मोठा गुण आहे. बर्मिंगहॅमहून मेहुणी हायसिंथचा फोन आला. ती थडग्यासाठी येणारच होती, पण मत तिने आधी पाठवलं. व्हिनेटला प्रेमाची गाणी आवडत, पोस्टात काम करणाऱ्या माणसाला ते कसं कळणार, असं ती म्हणाली. पार्चमेंटांना वाईट वाटलं. प्रेमपत्रं सगळ्यात जास्त कुणाच्या हातून गेली, हे विचारावंसं वाटलं त्यांना, पण मेहुणी वयाने मोठी होती.

एकाच गोष्टीवर गावाचं एकमत होतं. लेव्हाइट्सची सगळ्यात वाईट रेकॉर्ड म्हणजे 'परदेशी थंडी'. ती त्यांनी लंडनला जाऊन केली, तिच्यात ढोलाच्या जागी यंत्र वाजतं, आणि गाताना गाणाऱ्याला सर्दी झाली होती. लेस्टर आणि वॉल्डो एकमेकांशी बोलत नसत, पण 'परदेशी थंडी'चं नाव निघालं की दोघे एकाच वेळी मान हलवत.

शेवटी पार्चमेंटांनी ठरवलं की लोकांचं राहू दे, व्हिनेटच्याच रेकॉर्डींच्या पेटीत बघावं. जी जास्त झिजली असेल ती तिची. विचार पोस्टमास्तराला शोभण्यासारखा होता. त्यांनी पेटी उघडली, पहिलं कव्हर काढलं. ते शाळेतल्या कवायतीच्या संगीताचं होतं. आतली रेकॉर्ड काढली. तिच्या मधोमध, जिथे नाव असतं, तिथे काही नव्हतं. नुसता करडा गोल. दुसरी काढली, तीही तशीच. सगळ्या तशाच होत्या.

हे त्यांना ठाऊक होतं, पण ठाऊक असणं आणि अडणं यात फरक असतो. व्हिनेटचा बाप नाचाच्या कार्यक्रमांना मोठे स्पीकर घेऊन जाई. त्या धंद्यात चांगली रेकॉर्ड हाती लागली की आधी तिचं लेबल पाण्यात भिजवून अंगठ्याने घासून काढायचं, म्हणजे दुसऱ्या गटाचा हेर खांद्यावरून वाकला तरी त्याला नाव कळू नये. वर रेकॉर्ड भलत्याच कव्हरात ठेवायची. व्हिनेट लहानपणी हे घासायचं काम करी आणि तिने ते पुढे जन्मभर केलं. पार्चमेंटांच्या घरी दुसऱ्या गटाचा हेर कधी आला नाही. डीकनच्या बायकोखेरीज कुणी खांद्यावरून वाकलं नाही. पण नवी रेकॉर्ड आली की बादलीत पडायची. व्हिनेटला प्रत्येक रेकॉर्ड बोटांनी कळे. ती बोटं मागच्या पेरूपलीकडे मातीखाली होती, आणि झीज म्हणाल तर सगळ्या सारख्याच झिजल्या होत्या.

घरचा रेकॉर्ड प्लेअर बंद पडून पुष्कळ दिवस झाले होते. चालू असलेला एकच होता, क्लिफ्टन एबँक्सकडे. क्लिफ्टन गावातला रेकॉर्डी वाजवणारा. त्याचे स्पीकर कपाटाएवढे होते आणि मत त्याहून मोठं. तो प्लेअर कुणाला देत नसे, स्वतः बरोबर येई. तो म्हणाला, मी आणि माझा प्लेअर शनिवारसाठी तुमचे, पण सार्जंटची परवानगी आणा.

परवानगी खाली बाजारगावातल्या चौकीत मिळते. सार्जंट हनीगनने पार्चमेंटांना बसवलं, व्हिनेटबद्दल दोन शब्द बोलला आणि मग कामावर आला. अंत्यविधी असेल तर परवानगी लागत नाही. करमणूक असेल तर लागते. हे काय आहे? पार्चमेंट म्हणाले, थडगं आहे. सार्जंट म्हणाला, मयत वर्षापूर्वी झालं, म्हणजे अंत्यविधी नाही. पण बोकड आहे, म्हणजे करमणुकीकडे झुकतं. स्तोत्रं लावणार का? पार्चमेंट म्हणाले, नाही, लेव्हाइट्स. मग करमणूक. कोणती रेकॉर्ड?

पार्चमेंटांनी सांगितलं की ते अजून ठरायचं आहे, आणि ठरलं तरी तिच्यावर नाव नसेल.

सार्जंटने पेन खाली ठेवलं. "मास ऑब्री, तुम्ही सरकारी नोकरीतले. जिला नाव नाही तिला मी परवानगी कशी देऊ? उद्या काय वाजलं हे मला कुणी विचारलं तर?"

अपुरा पत्ता म्हणून पार्चमेंटांनी जन्मभर लोकांना खिडकीवरून परत पाठवलं होतं. लोक तेव्हा जसे खिडकीशी क्षणभर उभे राहत, तसे तेही उभे राहिले. निघताना सार्जंटने हळू आवाजात, सार्जंट म्हणून नव्हे तर माणूस म्हणून सांगितलं की 'कर्णे आणि भिंती' म्हणाल तर तो आत्ताच लिहून देईल.

म्हणून मग पार्चमेंटांच्या पडवीत रेकॉर्डींची सुनावणी झाली. पार्चमेंटांना फक्त क्लिफ्टन हवा होता. क्लिफ्टनबरोबर त्याचे स्पीकर आले आणि स्पीकरबरोबर गाव आलं. आलेल्यांना काहीतरी द्यायला हवं म्हणून पार्चमेंटांनी मासे तळायला मिस आयोनीला बोलावलं, आणि तिने दुकान बंद केल्यामुळे उरलेलं गावही आलं. क्लिफ्टन एकेक रेकॉर्ड उचली, उजेडाकडे धरी, बोट फिरवी, नाव जाहीर करी आणि पहिल्या गाण्याचे चार ठोके ऐकवून सुई उचली. त्याच्या धंद्यात पूर्ण गाणं वाजवणं हे हात थरथरण्याचं लक्षण समजतात. निम्मी नावं चुकली. चुकलं की तो म्हणे, ही दुसऱ्या कारखान्यात काढलेली आहे.

पार्चमेंट खुर्चीत ताठ बसून ऐकत होते. कुठली तरी रेकॉर्ड आपल्याला चटकन ओळखू येईल, अशी त्यांची समजूत होती. एकही आली नाही. सगळी सुरुवातीची गाणी त्यांना अनोळखी वाटत होती, जणू ती दुसऱ्याच कुणाच्या घरात वाजत आली होती. याची त्यांना मनातून भीती वाटली. इतकी वर्षं एका छपराखाली काढली आणि बाईला काय आवडत होतं ते आपल्याला ठाऊक नाही, हे सगळ्या गावासमोर मासा खात कळणं त्यांना बरं वाटलं नाही.

मतं घेतली तेव्हा धुराला जेवढी तेवढीच कर्ण्यांना पडली. डीकनचं मत 'धुतलेले हात'ला पडलं आणि तिथेच राहिलं. शेवटी, सार्जंट लिहून देतोच आहे तर 'कर्णे आणि भिंती'च होऊ दे, असं पार्चमेंट म्हणाले. लेस्टर मासा अर्धा टाकून घरी गेला.

निवडलेली रेकॉर्ड क्लिफ्टनने वेगळी काढली आणि उजव्या हाताला ठेवली. 'परदेशी थंडी' चुकूनही मध्ये येऊ नये म्हणून तीही वेगळी काढली आणि डाव्या हाताला ठेवली. पार्चमेंटांनी खिशातून चिकटपट्टी आणि पेन काढलं. निवडलेल्या रेकॉर्डवर नाव लिहून ठेवावं, एवढंच त्यांच्या मनात होतं. क्लिफ्टनचा चेहरा असा झाला की जणू पार्चमेंटांनी त्याच्या आईच्या कपाळावर तिकीट लावायला घेतलं.

"पोस्टमास्तर," तो म्हणाला, "ज्याला नाव वाचून रेकॉर्ड कळते त्याने रताळी विकावीत. व्हिनेटच्या रेकॉर्डवर तुम्ही कागद चिकटवणार? वरून बघत असेल ती."

व्हिनेटचं नाव निघाल्यावर पार्चमेंटांनी चिकटपट्टी खिशात ठेवली. क्लिफ्टनने दोन्ही रेकॉर्डी पेटीत दोन बाजूंना सरकवल्या आणि मग पेटीचं तोंड भिंतीकडे होतं ते दाराकडे फिरवलं.

शनिवार उजाडला तो स्वच्छ. हायसिंथ आदल्या दिवशीच आली होती आणि बहिणीच्या जागेपाशी खुर्ची टाकून बसली होती. रूपर्ट आणि बाकीचे पुरुष सिमेंटच्या ढिगात पाणी ओतून फावड्यांनी उलटंपालटं करत होते. लेस्टर आणि वॉल्डो एकाच ढिगाच्या दोन टोकांना होते, एकमेकांकडे न बघता. बोकडाला शेवटी कळलंच होतं आणि ते आता मोठ्या पातेल्यात होतं. चौकीतून एक शिपाई परवानगीचा कागद घेऊन आला होता आणि पातेल्याजवळच्या सावलीत उभा होता. डीकननी एक प्रार्थना म्हटली. तिच्यात तीन प्रार्थना मावत होत्या, पण नावाला एकच होती. रमचे शिंतोडे पडले. पार्चमेंटांनी मान हलवली आणि क्लिफ्टनने पेटीतून उजव्या हाताची रेकॉर्ड काढून सुई टेकवली.

स्पीकरमधून यंत्राचे ठोके आले. टक, टक, टक. मग सर्दी झालेला आवाज.

फावडी थांबली. क्लिफ्टनचा हात हवेत राहिला. लेस्टरने वॉल्डोकडे आणि वॉल्डोने लेस्टरकडे, त्या प्रश्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं, आणि दोघांनी मान हलवली. मिस आयोनीने मटण ढवळायची पळी छातीशी धरली. हायसिंथ सावकाश पार्चमेंटांकडे वळली. तिने काही विचारायची गरज नव्हती. शिपायाने कागद वाचला, कान देऊन ऐकलं, पुन्हा कागद वाचला. मग आपल्या हातातल्या मटणाच्या वाडग्याकडे पाहून त्याने सांगितलं की इथून नीट ऐकू येत नाही.

क्लिफ्टन पुढे वाकून पार्चमेंटांच्या कानाशी म्हणाला की ही दुसऱ्या कारखान्यात काढलेली आहे, लगेच बदलतो. आणि त्याने सुईकडे हात नेला.

"राहू दे," पार्चमेंट म्हणाले.

"मास ऑब्री, सगळं गाव ऐकतंय."

"मध्ये थांबवायची नाही, असं ती म्हणाली होती. बाकीचं मला कळलं नाही. एवढं कळलं होतं."

पहिली बाजू अशी गेली. कधी एकदा संपते असं सगळ्यांना झालं होतं. पुरुषांनी मान खाली घालून काँक्रीट ओतलं, आणि यंत्राच्या ठोक्यावर फावडं मारावं लागू नये म्हणून मुद्दाम पुढेमागे मारलं. पार्चमेंट टोपी हातात घेऊन उन्हात उभे होते. त्यांना रडू येत नव्हतं, लाज वाटत होती. वर्षभर धरून ठेवलेलं एकच काम, तेही भलत्या पत्त्यावर गेलं होतं. व्हिनेट असती तर हसली असती, असं मनाला सांगून पाहिलं, पण मनाने ते घेतलं नाही. रूपर्ट गुडघ्यांवर बसून वरचा थर थापीने घोटू लागला. बाजू संपली. क्लिफ्टनने कुणाकडे न बघता रेकॉर्ड उलटली.

दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं लागलं आणि पार्चमेंट घरी आले.

शनिवारी पोस्ट दुपारपर्यंतच असे. ते बंद करून, कुलूप दोनदा ओढून पाहून, चढ चढून ते घराच्या पायरीशी येत तेव्हा व्हिनेट गुडघ्यांवर बसून लाकडी जमिनीला लाल पॉलिश लावून नारळाच्या सोडणाने घासत असे, आणि रेकॉर्डची दुसरी बाजू चालू असे. पहिली बाजू तिची एकटीची असे. ते येत ते नेहमी दुसरीला. यंत्राचे हेच ठोके, हाच चोंदलेला आवाज, आणि त्या ठोक्यावर सोडणाचं घासणं, पुढे आणि मागे. दुसऱ्या रेकॉर्डीही वाजत कधीमधी. पण चढ चढताना, सावली येते त्या वळणाला, कानावर यायची ती ही. गाव हसेल म्हणून ती ही बाहेर कुठे लावत नसे. ही तिने घरासाठी ठेवली होती. ती मान वर करत नसे. पायरीवर चाहूल लागली की नुसतं म्हणे, ओलं आहे.

रूपर्टची थापी पुढे मागे फिरत होती. काँक्रीट चकचकीत होत आलं होतं.

हायसिंथने पाहिलं की पार्चमेंट वाकले आहेत. तिला वाटलं चक्कर आली, ती उठू लागली. पण ते बुटांची नाडी सोडत होते. एक बूट काढला, मग दुसरा. दोन्ही जोडून, टाचा सरळ रेषेत, त्यांनी बाजूला ठेवले आणि मोजे घातलेल्या पायांनी थडग्याच्या कडेशी जाऊन उभे राहिले. निवृत्त पोस्टमास्तर, काळा कोट, खाली मोजे. क्लिफ्टनने आवाज थोडा वाढवला.

रूपर्टने खालूनच त्यांचे पाय पाहिले. "मास ऑब्री, जरा मागे व्हा," तो म्हणाला. "ओलं आहे."

"ठाऊक आहे," पार्चमेंट म्हणाले. "म्हणून तर काढले."